तंबाखूचं पान हिरवंच का वाळलं? एअर क्युअरिंगमध्ये पानाच्या आत काय चालतं

प्रश्न थोडक्यात असा होता. एकाने पहिल्यांदाच बर्ली जातीची तंबाखू लावली, पानं तोडून शेडमध्ये टांगली. बाहेर कोरडी हवा आणि वारा, त्यामुळे आठवड्याभरात पानं कडकडीत वाळली, पण हिरवीच्या हिरवी. मग दुसऱ्या खेपेला त्यांनी शेड चारी बाजूंनी बंद केली, तर पानं पिवळी झाली खरी पण नंतर काळपट पडत गेली, आत नाकात जाणारा वास, आणि मधल्या शिरेवर पांढरी बुरशी. आता त्यांचं म्हणणं, सगळे एन्झाइम एन्झाइम म्हणतात ते नेमकं करतात काय, हिरवं वाळलेलं पान परत ओलं करून पिवळं करता येईल का, आणि आर्द्रता किती ठेवायची तो एकच आकडा सांगा.

आकडा सांगते, पण आधी तुमची गाडी कुठे चुकली ते बघू. मी सुरुवातीला पानांच्या रसायनाच्या लॅबमध्ये होते आणि गेली वीसेक वर्षं शेडमध्येच आहे, त्यामुळे उत्तर लांबणार, आधीच माफी. तुमच्या प्रश्नात 'वाळवणं' हा शब्द पाच वेळा आलाय. गडबड तिथेच आहे. एअर क्युअरिंग, म्हणजे शेडमध्ये टांगून साध्या हवेत पान तयार करणं, हे नुसतं पान वाळवणं असं धरून चाललात की पहिली खेप बिघडणारच, कारण वाळवण्याच्या हिशोबाने तुमची पहिली खेप एकदम यशस्वी होती, आठवड्यात वाळलं की! पण तोडलेलं पान मेलेलं नसतं. ते पुढे कित्येक दिवस जिवंत असतं, श्वास घेत असतं, आणि खायला बाहेरून काही मिळत नाही म्हणून स्वतःलाच खात असतं. आपल्याला हवा तो रंग, तो वास, ते पोत, सगळं या उपासमारीत तयार होतं. पाणी उडणं हे त्या सगळ्याचं घड्याळ आहे. पाणी लवकर गेलं तर घड्याळ मध्येच बंद पडतं, पाणी गेलंच नाही तर ते थांबायला तयार नसतं. तुमच्या दोन्ही खेपा म्हणजे एकाच घड्याळाच्या दोन चुका आहेत.

काय काय परिस्थितीवर अवलंबून आहे तेही आधीच सांगून टाकते म्हणजे नंतर भांडण नको. जात कोणती, पान पक्व तोडलं की कोवळं, खालचं पातळ पान की शेंड्याचं जाड, पानं सुटी तोडून टांगलीत की अख्खं झाड कापून, नायट्रोजन खत किती दिलंत, आणि त्या दिवसांत हवा कशी होती. यातलं एक बदललं तरी दिवस बदलतात. म्हणून कोणी तुम्हाला 'अमुक दिवसांत पिवळं झालंच पाहिजे' असं ठामपणे सांगत असेल तर तो स्वतःच्या शेडबद्दल बोलतोय, तुमच्या नाही.

आता पानाच्या आत. ताज्या पानात ढोबळ ८०-८५ टक्के पाणी असतं. टांगल्यावर पहिले एक-दोन दिवस पान मलूल होतं, पानावरची छिद्रं मिटतात, शेडमध्ये अंधार, मुळांकडून पाणी येणं बंद. म्हणजे प्रकाशसंश्लेषण संपलं. पण श्वसन चालूच. मग पेशी आधी हाताशी असलेला साठा काढते, तो म्हणजे स्टार्च. एन्झाइम म्हणजे पेशीतली रासायनिक कामं घडवून आणणारी प्रथिनं, त्यातले अमायलेज गटातले स्टार्चचे तुकडे करून त्याची साखर करतात, आणि ती साखर श्वसनात जळून कार्बन डायऑक्साइड आणि पाणी होऊन उडून जाते. उडून जाते हे लक्षात घ्या. हवेत क्युअर झालेल्या बर्लीत शेवटी साखर जवळजवळ उरतच नाही, एक-दोन टक्क्यांच्या खालीच. याउलट फ्लू क्युअरिंग, म्हणजे बंद खोलीत गरम हवेने करतात ते, त्यात स्टार्चची साखर होऊ देतात आणि मग तापमान चढवत नेऊन एन्झाइम मारून टाकतात, पाच-सात दिवसांत खेळ खलास, त्यामुळे तिथे साखर मागे राहते, पार वीस टक्क्यांच्या आसपाससुद्धा. दोन्हीकडे पहिली पायरी तीच. फक्त तिथे साखर झाल्या झाल्या दुकान बंद करतात, आपल्याकडे पान ती साखर खाऊन संपवेपर्यंत थांबतात.

याचा वजनावर परिणाम होतो आणि नवीन माणसाला हा धक्का असतो. १०० किलो ताजं पान धरा, त्यात ८५ किलो पाणी, १५ किलो कोरडा माल. क्युअरिंगमध्ये त्या कोरड्या मालाचाही साधारण पाचवा हिस्सा श्वसनात जातो, म्हणजे उरले १२ किलो. हातात येणाऱ्या पानात पुन्हा २० टक्के ओल धरली तर काट्यावर १५ किलो दिसतील, पण त्यातला माल १२ किलोच. ते तीन किलो कोणी चोरले नाहीत, पानाने खाल्ले. आणि शेडमध्ये दमटपणा जास्त वेळ राहिला तर हा हिस्सा वाढत जातो, तुमच्या दुसऱ्या खेपेचं पान हातात घेतल्यावर कागदासारखं हलकं लागलं असेल, त्याचं कारण हेच.

साखर संपत आली की पान प्रथिनांकडे वळतं, आणि माझ्या मते बर्लीसारख्या तंबाखूची खरी गोष्ट इथे सुरू होते. पानातलं सगळ्यात मोठं प्रथिन म्हणजे रुबिस्को, प्रकाशसंश्लेषणात कार्बन पकडणारं, हिरव्या पानात विरघळणाऱ्या प्रथिनांचा जवळपास निम्मा भाग एकटं तेच असू शकतं. आता प्रकाशसंश्लेषणच बंद, तर त्या यंत्राचा उपयोग काय, म्हणून पेशी ते भंगारात काढते. प्रोटिएज एन्झाइम त्याचे तुकडे करतात, अमिनो आम्लं सुटी होतात. त्यातला कार्बनचा सांगाडा श्वसनाला जातो आणि नायट्रोजन उरतो अमोनियाच्या रूपात. अमोनिया पेशीला विष आहे, त्याला मोकळं सोडून चालत नाही, म्हणून पेशी त्याला ग्लुटामिन आणि ॲस्परॅजिन या अमिनो आम्लांत बांधून ठेवते. ॲस्परॅजिनमध्ये फक्त चार कार्बनवर दोन नायट्रोजन बसतात, म्हणजे कार्बनची टंचाई असताना सगळ्यात स्वस्त गोदाम. एअर क्युअर्ड पानात ॲस्परॅजिन साठलेलं सापडतं ते यामुळे. लॅबमध्ये असताना रोज थोडी थोडी पानं उचलून आम्ही हे मोजायचो, प्रथिन उतरतंय आणि ॲस्परॅजिन चढतंय, दोन रेषा एकमेकींना कापून जातात. मला अजून तो आलेख बघायला आवडतो.

सेंद्रिय आम्लांतही असाच एक बदल होतो, मॅलिक आम्ल कमी होतं आणि सिट्रिक वाढतं. अंधारात ठेवलेल्या तोडलेल्या तंबाखूच्या पानांवर अमेरिकेत कनेटिकटच्या कृषी संशोधन केंद्रात ह्युबर्ट व्हिकरी यांनी यावर बरंच काम करून ठेवलंय. तुम्हाला रोजच्या कामात त्याचा उपयोग नाही, पण पान शेडमध्ये 'पडून' नसतं, आत कारखाना चालू असतो, एवढं यावरून पटावं.

अख्खं झाड कापून टांगणाऱ्यांसाठी एक गोष्ट वेगळी आहे. तिथे पानातला सुटा झालेला नायट्रोजन आणि थोडा माल खोडात उतरतो, आणि खोडातलं पाणी पानाला मिळत राहतं. म्हणून तशी पानं सावकाश वाळतात, चुकायला जागा कमी. टांगलेल्या खोडाला नवे कोंब फुटलेले मी कितीदा पाहिलेत, झाड उलटं टांगलंय आणि ते बिचारं पानातलं काढून कोंबाला घालतंय. तुम्ही सुटी पानं टांगलीत, तुमच्याकडे ही उशी नव्हती, म्हणून कोरड्या वाऱ्याने घात लवकर केला.

आता रंग. हिरवं जाऊन पिवळं येतं असं आपण म्हणतो, पण पिवळं नवीन काही येत नाही. कॅरोटिनॉइड नावाची पिवळी रंगद्रव्यं आधीपासून तिथेच असतात, क्लोरोफिलने, म्हणजे हिरव्या रंगद्रव्याने, झाकलेली. क्लोरोफिल मोडलं की ते दिसायला लागतात. तेही हळूहळू तुटत असतात, फक्त क्लोरोफिलच्या मानाने सावकाश, आणि त्यांच्या तुकड्यांतूनच पुढे आयोनोन, डॅमॅसिनोन असली सुगंधी द्रव्यं येतात. क्लोरोफिल मोडणं मात्र आपोआप होत नसतं, आणि तुमच्या हिरव्या पानाचं उत्तर इथेच आहे. रेणूच्या मध्ये मॅग्नेशियम असतं ते एक एन्झाइम काढतो, मग दुसरा ते कडं उघडतो, त्याला ऑक्सिजन लागतो, पुढे आणखी पायऱ्या होऊन शेवटी रंगहीन तुकडे पेशीच्या पिशवीत जाऊन पडतात. यातले बरेच एन्झाइम हिरव्या पानात भरून ठेवलेले नसतात. पान म्हातारं व्हायला लागलं की पेशी ते नव्याने बनवते. बनवायला ऊर्जा लागते, पाणी लागतं, आणि मुख्य म्हणजे पेशी जिवंत लागते.

म्हणूनच पक्व पान लवकर पिवळं होतं, त्याने शेतातच म्हातारपण सुरू केलेलं असतं. कोवळं, खताने गच्च हिरवं पान हट्टी असतं. आणि बर्लीला या बाबतीत जन्मजात सवलत आहे, १८६४ मध्ये अमेरिकेतल्या ओहायो राज्यात रोपवाटिकेत फिकट, कमी क्लोरोफिलची रोपं निघाली, तीच पुढे व्हाइट बर्ली झाली. मुळात हिरवंच कमी, तरी तुमचं पान हिरवं राहिलं म्हणजे पाणी किती झपाट्याने गेलं असेल बघा.

हे सगळं शब्दांत पटत नसेल तर एक प्रयोग करा, मी नवीन पोरांना पहिल्याच दिवशी करायला लावते. एकाच झाडाची शेजारशेजारची तीन पानं घ्या. एक उकळत्या पाण्यात मिनिटभर बुडवून काढा. दुसरं फ्रीझरमध्ये रात्रभर ठेवून सकाळी बाहेर काढा. तिसरं नुसतं टांगा. उकळलेलं पान मळकट हिरवंच राहील, ना पिवळं होणार ना नीट तपकिरी, कारण पेशीही मेली आणि एन्झाइमही मेले. गोठवलेलं पान वितळता वितळता थेट काळपट तपकिरी होईल, पिवळ्याची पायरी गाळून. तिथे पेशी मेली, पडदे फाटले, पण एन्झाइम जिवंत राहिले आणि मोकाट सुटले. टांगलेलं मात्र शिस्तीत, हिरवं, पिवळं, तपकिरी. पिवळं होण्यासाठी जिवंत पेशी लागते, तपकिरी होण्यासाठी ती मरावी लागते. एवढं वाक्य डोक्यात बसलं की निम्मं क्युअरिंग आलं असं मी समजते.

ते तपकिरी होणं कसं ते बघा. पानात क्लोरोजेनिक आम्ल आणि रुटिन असे पॉलिफिनॉल भरपूर असतात, पण ते पेशीच्या मोठ्या पिशवीत बंद. त्यांना ऑक्सिजन लावून देणारा एन्झाइम, पॉलिफिनॉल ऑक्सिडेज, हा तांब्याच्या अणूवर चालणारा एन्झाइम आहे आणि तो बसलेला असतो हरितलवकात, म्हणजे पेशीतल्या हिरव्या कणांत. जिवंत पेशीत या दोघांची गाठ पडत नाही, मध्ये पडदे. पान पिवळं होत होत दमतं, पेशी मरतात, पडदे गळतात आणि मग दोघं समोरासमोर. पॉलिफिनॉलचं क्विनोन होतं, आणि क्विनोन हा फार चिकट प्राणी, शेजारी जे अमिनो आम्ल, प्रथिन मिळेल त्याला जाऊन चिकटतो, एकमेकांनाही चिकटतो, आणि त्यातून तपकिरी रंगद्रव्य तयार होतं. मघाशी प्रथिन मोडून सुटी झालेली अमिनो आम्लं इथे कामाला येतात. चहाचा पाला काळा होतो तोही याच एन्झाइमने, फक्त तिथे पाला मुद्दाम चुरगळून पडदे फोडतात, आपण पान स्वतःहून मरायची वाट बघतो. आणि हाताळताना पान चुरगळलं, बोटं रुतली, तर दोन दिवसांत तिथे तपकिरी डाग उठतात. तेही हेच. तुम्ही पाठवलेल्या फोटोत तसे डाग आहेत, पानं जरा हळू हाताळा.

या तपकिरी होण्यालाही पाणी लागतं. पान पिवळं झालं आणि तेव्हाच कोरडा वारा लागून एकदम वाळलं तर ते पिवळंच किंवा पिवळ्या ठिपक्यांचं राहतं, कारण एन्झाइमला काम करायला ओल उरली नाही. म्हणजे एकंदरीत दोन टप्पे धरा. पहिला, पान जिवंत असतानाचा, त्यात स्टार्च, प्रथिन आणि क्लोरोफिल जातं. दुसरा, पेशी मेल्यावरचा पण पान ओलसर असतानाचा, त्यात रंग आणि वासाचा पाया पडतो. त्यानंतर पानाची पाती वाळते आणि शेवटी मधली शीर, ती सगळ्यात उशिरा. अख्ख्या झाडाला हे सगळं धरून सहा ते आठ आठवडे लागतात, सुट्या पानांना कमी.

आता तुमची पहिली खेप. पान हिरवं असतानाच पाणी गेलं, पेशी मेली, क्लोरोफिल मोडणारी टोळी तयारच झाली नव्हती, झाली असेल तर अर्धवट. त्यावर पाणी मारून ते पिवळं होईल का? नाही होणार. एन्झाइम काही प्रमाणात कोरड्या पानातही शाबूत राहतात हे खरं, त्यामुळे ओलं केल्यावर थोडा रंगबदल दिसतो आणि माणसाला आशा वाटते, पण तो रंग पिवळा नसतो, मळकट काळसर हिरवा असतो, आणि मेलेल्या ओल्या पानावर आता बुरशीला कोणी अडवणारं नाही. कच्च्या गवताचा वास आणि तोंडाला लागणारा कडूपणा तसाच राहतो. क्लोरोफिल गेलं नाही एवढाच प्रश्न नाहीये, प्रथिनही मोडायचं राहून गेलंय, आणि प्रथिन जळालं की जळालेल्या केसासारखा वास येतो.

दुसरी खेप. इथे पिवळं झालं म्हणजे पहिला टप्पा तुम्ही बरोबर पार पाडलात, शाबासकी घ्या. पण पान मेल्यावर त्याला आता संरक्षण नसतं हे विसरलात. बंद शेडमध्ये ८५ टक्क्यांच्या वर आर्द्रता आणि वर ऊब, मग एन्झाइम थांबेनात, तपकिरीचं काळं झालं, आणि जिवाणू-बुरशीने जेवणावळ मांडली. तो नाकातला वास अमोनियाचा, बांधून ठेवलेला नायट्रोजन परत मोकळा झाला. थोडा अमोनियाचा वास चांगल्या शेडमध्येही येतो, घाबरायचं कारण नसतं, पण डोळ्यांत पाणी आलं तर मात्र उशीर झालाय. माझीही एक अख्खी शेड अशीच गेलीय. दुसऱ्या की तिसऱ्या वर्षी, जागा कमी आणि पीक जास्त म्हणून पानं टांगलेल्या काठ्या एकमेकींना खेटून लावल्या, दारातला आर्द्रतामापक छान ७० दाखवत होता आणि मी निवांत. आत मधोमध हात घातला तर पान गरम आणि चिकट. दारातला मापक दाराचीच हवा मोजतो, एवढं साधं मला तेव्हा सुचलं नाही.

तर आकडा. आर्द्रता दिवसरात्रीची सरासरी ६५ ते ७५ टक्के, तापमान १८ ते ३२ अंश सेल्सियस. सरासरी या शब्दावर जोर आहे. रात्री ९० ला गेली आणि दुपारी ५० ला आली तरी चालतं, उलट पान रात्री जरा मऊ येतं आणि दिवसा थोडं वाळतं, हा झोका पानाला मानवतो. सलग एक-दोन दिवस ८५ च्या वर राहिली तर मात्र हातपाय हलवायचे. थंडी फार असली, दहा-बारा अंशांच्या खाली, तर एन्झाइम जवळपास झोपतात आणि पान हिरवट वाळण्याचा धोका, तिथे आर्द्रता बरोबर असूनही उपयोग नाही. मापक पानांच्या मध्ये, मधल्या उंचीवर टांगा, दोन असतील तर दुसरा वर.

शेड चालवायची कशी, तर बाहेर कोरडं असेल तेव्हा दिवसा बंद आणि रात्री उघडी, म्हणजे रात्रीची ओल आत घ्यायची आणि दिवसा ती कोंडून ठेवायची. बाहेर दमट असेल तेव्हा बरोबर उलटं. तुमच्याकडे कोरडा वारा होता तेव्हा चोवीस तास उघडी ठेवलीत, आणि मग घाबरून चोवीस तास बंद. जमिनीवर पाणी शिंपडूनही चार-पाच टक्के चढतात. काठ्यांमध्ये वीतभर अंतर ठेवा, दोरीत ओवताना पानं पाठीला पाठ आणि पोटाला पोट अशी घ्या म्हणजे ती चमच्यांसारखी एकात एक बसत नाहीत. आणि १०० किलो पान ८० किलोच्या आसपास पाणी हवेत सोडणार आहे, ते कुठून बाहेर पडणार याचा विचार टांगायच्या आधी करा. पहिले आठ-दहा दिवस, पान पिवळं होईपर्यंत, जरा दमट बाजूला राहा, ७५ च्या आसपास. बहुतेक पान पिवळं झालं की हवा खेळती करत जा. आणि पाती तपकिरी होऊन वाळली की बिनधास्त उघडा, कारण आता उरलेलं पाणी शिरेत आहे.

शिरेबद्दल जरा गंभीर बोलायचंय. निकोटिन क्युअरिंगमध्ये थोडं कमी होतं, फार नाही. पण काही झाडांत पान म्हातारं होताना एक एन्झाइम जागा होतो आणि निकोटिनचा एक मिथाइल गट काढून त्याचं नॉरनिकोटिन करतो, तेही थोडंथोडकं नाही, काही झाडांत बहुतेक सगळंच. त्यासाठी बियाणं तपासून घ्यायचं असतं, शेडमध्ये याला उपाय नाही. दुसरीकडे बर्लीत नायट्रेट भरपूर, आणि ते जास्त करून मधल्या शिरेत. पेशी फुटल्यावर जिवाणू त्या नायट्रेटचं नायट्राइट करतात, आणि नायट्राइट आणि नॉरनिकोटिन मिळून एनएनएन नावाचं नायट्रोसामाइन बनतं. ताज्या हिरव्या पानात ते नसल्यात जमा असतं, ते तयार होतं शेडमध्ये, पिवळं होणं संपल्यानंतरच्या आठवड्यांत. एनएनएन आणि त्याचं भावंड एनएनके यांना आंतरराष्ट्रीय कर्करोग संशोधन संस्थेच्या २००७ च्या अहवालात माणसात कर्करोग करणाऱ्या पहिल्या गटात टाकलंय. खत बेताने, बियाणं तपासलेलं, पिवळं झाल्यावर दमटपणा रेंगाळू न देणं, याने ते कमी होतं, शून्य होत नाही. नीट क्युअर केलेली तंबाखू म्हणजे निर्धोक तंबाखू असं कोणी म्हणालं तर ऐकू नका, मी हे काम करते म्हणून मला उलट सांगायला जास्त अधिकार आहे. आणि ओलं हिरवं पान उघड्या हाताने तोडू-टांगू नका, निकोटिन कातडीतून आत जातं, मळमळ आणि चक्कर येते, पहिल्या वर्षी मला वाटलं होतं ऊन लागलं.

वासाचं बरंचसं पुढच्या मुरवण्यात घडतं, तो वेगळा विषय आणि तिथे एन्झाइमपेक्षा साधी रासायनिक क्रिया आणि काही प्रकारांत जिवाणू जास्त काम करतात. आता त्यात शिरत नाही.

तुमच्या मालाचं काय करायचं ते सांगते. दुसऱ्या खेपेतली ज्यांच्या शिरेवर बुरशी आहे ती पानं बाहेर काढा, पुसून परत ठेवायच्या भानगडीत पडू नका, बुरशी डोळ्यांना दिसते त्याच्या पुढे गेलेली असते. नुसती काळपट आहेत पण कोरडी आणि बुरशीविना, ती वेगळी टांगा, हलकी भरतील पण वाया नाहीत. पहिल्या खेपेतली पूर्ण हिरवी पानं सोडून द्या. ज्यांच्यात निम्मं पिवळं दिसतंय ती ठेवा आणि सहा महिन्यांनी बघा, हिरवेपणा थोडा मावळतो, पण त्यांच्यावर पाणी मारू नका. हवा दमट असेल त्या सकाळी ती आपोआप मऊ येतील, तेव्हाच हलवा नाहीतर हातात चुरा येईल. आणि तिसरी खेप उतरवण्याआधी प्रत्येक काठीवरचं सगळ्यात जाड पान घेऊन त्याची शीर देठाजवळ वाकवून बघा. नुसती वाकली तर अजून आठवडाभर टांगलेली राहू दे, काडीसारखी कट्कन मोडली तर उतरवा.